टेस्ला कॉइलसाठी कपॅसिटर कसा निवडावा

टेस्ला कॉइल म्हणजे दोन कॉइलांच्या जोडीने अतिउच्च व्होल्टेज आणि लांब ठिणग्या निर्माण करणारे उपकरण. ते घरी बांधणाऱ्याचे बहुतेक लक्ष ठिणगी देणाऱ्या द्वितीयक कॉइलकडे असते. बारीक तारेचे हजारभर वेढे एकावर एक न चढता नेटके बसले की निम्मे काम झाले, असे त्याला वाटू लागते. मात्र पहिल्या काही दिवसांत जी वस्तू तडकते, फुगते किंवा मूकपणे निकामी होते, ती बहुधा त्या कॉइलला ऊर्जा पुरवणाऱ्या प्राथमिक मंडलातील कपॅसिटर असते. याचे कारण असे की कपॅसिटरच्या अंगावर धारकता (भार साठवण्याची क्षमता) आणि व्होल्टेज हे दोनच आकडे ठळक छापलेले असतात, आणि निवड त्यांवरच केली जाते. टेस्ला कॉइलमध्ये कपॅसिटर टिकणार की नाही हे ठरवणारे आकडे माहितीपत्रकाच्या आतल्या तक्त्यांत असतात: त्याला सोसणारा शिखरप्रवाह, व्होल्टेज बदलण्याचा कमाल वेग आणि उच्च वारंवारतेवर त्याच्या आत होणारा ऊर्जेचा अपव्यय. या लेखात निवडीचा क्रम त्या आकड्यांपर्यंत नेला आहे.

येथे विचार केला आहे तो स्पार्क गॅपवर, म्हणजे दोन वाहकांमधील हवेच्या फटीवर, चालणाऱ्या आणि निऑन फलकांच्या जुन्या, लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरवर उभारलेल्या कॉइलचा. घन अवस्थेतील स्विच (ट्रान्झिस्टर) वापरणाऱ्या कॉइलचे गणित वेगळे आहे. त्याविषयी शेवटाकडे थोडे लिहिले आहे.

एक गोष्ट आधीच सांगणे आवश्यक आहे. अशा ट्रान्सफॉर्मरचा १५ किलोव्होल्ट आणि ३० मिलिअँपिअर हा मुख्य वारंवारतेचा (घरच्या विजेच्या ५० हर्ट्झचा) प्रवाह माणसाचा जीव घेऊ शकतो. द्वितीयक कॉइलच्या टोकावरील ठिणग्या उच्च वारंवारतेच्या असल्यामुळे फारशा झोंबत नाहीत, या समजुतीवर विसंबून प्राथमिक मंडलाजवळ हात नेणाऱ्याला दुसरी संधी मिळेलच असे नाही. ज्याने उच्च व्होल्टेजवर यापूर्वी काम केलेले नाही, त्याने जाणकाराच्या सोबतीनेच सुरुवात करावी. ज्यांच्या शरीरात पेसमेकर आहे त्यांना चालू कॉइलपासून दूरच ठेवावे.

कपॅसिटरचे नेमके काम

ट्रान्सफॉर्मर कपॅसिटर भरत जातो. व्होल्टेज पुरेसे चढले की स्पार्क गॅपमधील हवा फुटते, गॅप जवळजवळ बंद स्विचसारखी वागू लागते, आणि कपॅसिटरमधील साठा प्राथमिक कॉइलमध्ये रिता होऊन पुन्हा उलट दिशेने कपॅसिटरमध्ये परततो. ही ये-जा सेकंदाला साधारण एक ते चार लाख वेळा या गतीने, पण फक्त काही दशक मायक्रोसेकंद चालते. तेवढ्या वेळात ऊर्जा द्वितीयक कॉइलकडे सरकते, आणि ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर हेच चक्र सेकंदाला शंभरेक वेळा पुन्हा घडते. म्हणजे एकाच कपॅसिटरला दोन अगदी भिन्न कामे करायची असतात. भरताना तो ५० हर्ट्झवर काही दशक मिलिअँपिअर घेतो, आणि रिता होताना दोन लाख हर्ट्झवर शेकडो अँपिअर देतो. पहिले काम जवळजवळ कोणताही कपॅसिटर करील. सारा कस दुसऱ्या कामात लागतो.

धारकता ट्रान्सफॉर्मरवरून ठरते

कपॅसिटर किती मोठा हवा, याचे उत्तर द्वितीयक कॉइलच्या आकारात शोधू नये. द्वितीयक कॉइलशी वारंवारता जुळवण्यासाठी प्राथमिक कॉइलवरील जोडणीचे ठिकाण पुढे-मागे सरकवता येते, त्यामुळे धारकतेत पाच-दहा टक्क्यांचा फरक पडला तरी काही बिघडत नाही. धारकता बांधलेली असते ती ट्रान्सफॉर्मरशी.

निऑन ट्रान्सफॉर्मर स्वतःचा प्रवाह स्वतःच मर्यादित करतो. त्याच्या गाभ्यातील चुंबकीय आडवाटांमुळे दुय्यम वेटोळ्यात मोठे गळती-इंडक्टन्स असते. हे इंडक्टन्स आणि आपला कपॅसिटर मुख्य वारंवारतेवर अनुनादात येतील, म्हणजे आंदोलन एकसारखे वाढवत नेतील, अशी एक विशिष्ट धारकता असते. ती काढण्यासाठी ट्रान्सफॉर्मरच्या कमाल प्रवाहाला त्याच्या आरएमएस व्होल्टेजने (एसीचे परिणामी मूल्य) आणि ६.२८ गुणिले पुरवठ्याची वारंवारता या संख्येने भागावे. १५ किलोव्होल्ट आणि ३० मिलिअँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरसाठी ५० हर्ट्झवर हे उत्तर सुमारे ६.४ नॅनोफॅरड येते. ६० हर्ट्झवर तेच ५.३ होते. १५ किलोव्होल्ट आणि ६० मिलिअँपिअरसाठी ५० हर्ट्झवर १२.७, आणि ९ किलोव्होल्ट व ३० मिलिअँपिअरसाठी १०.६ नॅनोफॅरड.

अनेक जुन्या मार्गदर्शनांत हीच धारकता वापरण्याचा सल्ला आढळतो, कारण कागदावर ती ट्रान्सफॉर्मरची सर्वाधिक शक्ती खेचते. माझे मत याच्या विरुद्ध आहे. गॅप एखाद्या वेळी पेटली नाही, तर अनुनादामुळे व्होल्टेज प्रत्येक आवर्तनागणिक चढत जाते, आणि त्याला लगाम घालायला मंडलातील रोध आणि गाभ्याची संपृक्तता यांखेरीज काहीही उरत नाही. मग ट्रान्सफॉर्मरच्या आतील डांबरी आवरण आधी फुटते की कपॅसिटर, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

म्हणून स्थिर गॅपसाठी अनुनादी धारकतेच्या साधारण दीडपट धारकता घ्यावी, आणि पुरवठ्याच्या आवर्तनाशी जुळून फिरणारी गॅप असेल तर दुप्पट ते तिप्पट. वरच्या पहिल्या उदाहरणात दीडपटीच्या हिशेबाने ९.६ नॅनोफॅरड येते, १० घ्यावे. येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. दीडपट धारकतेने धोका कमी होतो, पण संपत नाही. गॅप मुळीच पेटली नाही, तर साध्या गणिताप्रमाणे १० नॅनोफॅरडवरही कपॅसिटरचे व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या निर्भार व्होल्टेजच्या सुमारे पावणेदोन पट होऊ शकते. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांवर आणि त्याच्या भूसंपर्कित आवरणापर्यंत स्वतंत्र सुरक्षा-गॅप बसवणे अनिवार्य मानावे. मुख्य गॅपचे अंतर ठरवताना कपॅसिटर जोडू नये. नुसता ट्रान्सफॉर्मर गॅपला जोडून ती जेमतेम खात्रीने पेटेल इतके अंतर ठेवावे आणि कपॅसिटर जोडल्यावर ते वाढवू नये. ठिणगी अधिक लांब मिळावी म्हणून गॅप उघडत जाण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि कित्येक ट्रान्सफॉर्मर याच मोहाने मेले आहेत.

व्होल्टेजचा हिशेब

ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १५ किलोव्होल्ट हे आरएमएस मूल्य असते; शिखरमूल्य त्याच्या १.४१ पट, म्हणजे २१.२ किलोव्होल्ट. इतके व्होल्टेज आणि सोबत मोठा स्पंदप्रवाह सोसणारा एकच तयार कपॅसिटर मिळतो, पण तो महाग असतो आणि फुटला की सगळाच जातो. त्याऐवजी लहान कपॅसिटर एकापुढे एक जोडून माळ करणे आणि गरजेप्रमाणे अशा माळा समांतर लावणे, ही पद्धत आता रूढ झाली आहे आणि नवशिक्याने तिच्यापासून दूर जाण्याचे काही कारण नाही.

एकाच मूल्याचे कपॅसिटर माळेत जोडले की व्होल्टेज-क्षमतेची बेरीज होते आणि धारकता नगांच्या संख्येने भागली जाते. ०.१५ मायक्रोफॅरड व २००० व्होल्ट डीसी अशा १५ नगांची एक माळ १० नॅनोफॅरड आणि ३० किलोव्होल्टची होते. आपल्या उदाहरणाला हे उत्तर चपखल बसते: प्रत्येक नगावर शिखराला सुमारे १४१४ व्होल्ट येतात आणि क्षमता शिखरमूल्याच्या १.४ पट राहते. ६० मिलिअँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरसाठी अशाच दोन माळा समांतर लावल्या की २० नॅनोफॅरड मिळतात. ९ किलोव्होल्टसाठी नऊ नगांची एक माळ पुरते, कारण तिची धारकता १६.७ नॅनोफॅरड आणि क्षमता १८ किलोव्होल्ट होते.

१.४ पट हे प्रमाण मी किमान मानतो. ज्याला कॉइल दीर्घकाळ, प्रत्येक वेळी काही मिनिटे सलग चालवायची आहे, त्याने दुपटीपर्यंत जावे. यामागचे कारण माहितीपत्रकातच दिसते: २००० व्होल्ट डीसीच्या फिल्म (प्लास्टिकच्या पातळ पडद्याच्या) कपॅसिटरचे एसी मूल्यांकन त्याच्या पाव भागाच्या आसपास असते, कारण एसीमध्ये फिल्मच्या थरांतील सूक्ष्म हवेच्या पोकळ्यांत विद्युत-विसर्ग होऊन फिल्म हळूहळू कुरतडली जाते. आपली कॉइल दिवसातून काही मिनिटेच चालते म्हणून डीसीच्या आकड्यावर हिशेब करणे व्यवहारात खपते. हा हिशेब उदारपणाचा आहे याचे भान मात्र ठेवावे.

माळेतील नगांची मूल्ये अगदी सारखी नसतात. व्होल्टेजची विभागणी धारकतेच्या व्यस्त प्रमाणात होते, त्यामुळे जो नग दहा टक्के लहान असेल त्याच्यावर जवळपास दहा टक्के अधिक व्होल्टेज येते. सगळे नग मल्टिमीटरने मोजून, फार वेगळे दिसणारे एखाद-दुसरे बाजूला ठेवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि ते टाळू नये. याच कारणाने वेगवेगळ्या प्रकारचे, घरात शिल्लक पडलेले कपॅसिटर एका माळेत ओवणे चुकीचे ठरते.

शिखरप्रवाह आणि व्होल्टेज-बदलाचा वेग

हा सर्वांत दुर्लक्षित भाग असल्याने तो एका संपूर्ण उदाहरणाने पाहणे बरे. आपली कॉइल २०० किलोहर्ट्झवर जुळलेली आहे असे धरू. १० नॅनोफॅरडबरोबर ही वारंवारता मिळण्यासाठी प्राथमिक कॉइलचे इंडक्टन्स सुमारे ६३ मायक्रोहेन्री लागते. गॅप २१.२ किलोव्होल्टवर फुटली तर प्राथमिक मंडलातील शिखरप्रवाह ६.२८ गुणिले वारंवारता गुणिले धारकता गुणिले व्होल्टेज, म्हणजे सुमारे २६७ अँपिअर. माळेतील प्रत्येक नगातून हाच प्रवाह जातो. त्याला नगाच्या ०.१५ मायक्रोफॅरडने भागले की प्रत्येक नगावरील व्होल्टेज बदलण्याचा वेग मिळतो: मायक्रोसेकंदाला सुमारे १७८० व्होल्ट.

आता माहितीपत्रक उघडावे. साध्या मेटलाइज्ड कपॅसिटरसाठी हा वेग अनेकदा मायक्रोसेकंदाला काही दशक किंवा शे-दोनशे व्होल्ट इतकाच मान्य केलेला असतो. मेटलाइज्ड प्रकारात विद्युताग्र म्हणून फिल्मवर बाष्पाने चढवलेला अतिशय पातळ धातूचा थर असतो, आणि गुंडाळीच्या कडेला धातूचा फवारा मारून बाहेरची तार त्याला जोडलेली असते. शेकडो अँपिअरचे धक्के बसत गेले की हा कडेचा सांधा ठिकठिकाणी जळून सुटतो. कपॅसिटर फुटत नाही, धूर येत नाही. फक्त धारकता घटत जाते, उरलेल्या सांध्यांवर भार वाढतो आणि कॉइलची ठिणगी का आखडली हे कळत नाही. मी सुरुवातीच्या काळात दोन आठवडे प्राथमिक कॉइलचे जोड सरकवत बसलो होतो, आणि दोष होता तो माळेतल्या चार नगांची धारकता निम्म्यावर आल्याचा.

याउलट ज्या प्रकारात विद्युताग्र म्हणून सलग धातूचे फॉइल असते, किंवा फॉइल आणि दुहेरी मेटलाइज्ड थर एकत्र असतात, तो हजारो व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद सोसतो. कॉर्नेल डुबिलियर या कपॅसिटर बनवणाऱ्या कंपनीची ९४२सी मालिका टेस्ला कॉइल बांधणाऱ्यांत परिचित झाली ती यामुळेच. तिच्या क्रमांकातच माहिती असते: ९४२सी२०पी१५के या नावातील २० म्हणजे २००० व्होल्ट, पी१५ म्हणजे ०.१५ मायक्रोफॅरड आणि के म्हणजे दहा टक्क्यांची सहनमर्यादा. या नगाचे शिखरप्रवाहाचे मूल्यांकन चारशे अँपिअरच्या वर आहे, त्यामुळे आपले २६७ अँपिअर त्याला सहज पेलतात.

येथे एक मुद्दा अनुभवी लोकांकडूनही निसटतो. समांतर माळा वाढवल्या की सगळे प्रश्न सुटतात असे मानले जाते. माळा वाढवल्याने प्रत्येक नगातील प्रवाह विभागला जातो हे खरे. पण एकूण धारकता तीच ठेवायची तर प्रत्येक माळेतील नग लहान मूल्याचे घ्यावे लागतात, आणि व्होल्टेज-बदलाचा वेग जिथल्या तिथे राहतो. तो फक्त दोन गोष्टींवर अवलंबून असतो: वारंवारता आणि एका नगाच्या वाट्याला येणारे व्होल्टेज. समजा ०.०४७ मायक्रोफॅरडच्या पंधरा नगांच्या तीन माळा केल्या, तर ९.४ नॅनोफॅरड मिळतील, प्रत्येक नगातून शिखराला सुमारे ८४ अँपिअर जातील, आणि वेग मात्र पुन्हा १७८० व्होल्ट प्रति मायक्रोसेकंदच येईल. हा वेग उतरवायचा असेल तर माळेतील नग वाढवावेत, नाहीतर द्वितीयक कॉइल मोठी करून वारंवारता खाली आणावी. समांतर माळांचा खरा लाभ उष्णतेच्या बाबतीत होतो.

उष्णतेचा अंदाज असा घेता येतो. प्रत्येक विसर्गात प्राथमिक प्रवाह ५० मायक्रोसेकंदांच्या कालस्थिरांकाने (इतक्या वेळात तो सुमारे ३७ टक्क्यांवर येतो) ओसरतो आणि असे विसर्ग सेकंदाला १०० होतात असे धरले, तर २६७ अँपिअरच्या शिखरप्रवाहाचे आरएमएस मूल्य सुमारे ९.४ अँपिअर येते. कपॅसिटरचा अंतर्गत रोध ५ मिलिओहम असेल तर प्रत्येक नगात अर्ध्या वॅटपेक्षा किंचित कमी उष्णता निर्माण होईल. मोकळ्या हवेत हे चालते. पण गॅप एका आवर्तनात चार वेळा पेटू लागली आणि प्रत्येक वेळी तितक्याच व्होल्टेजला पेटली, तर आरएमएस प्रवाह १३ अँपिअरच्या पुढे जाईल आणि उष्णता दुप्पट होईल. म्हणून माहितीपत्रकातील आरएमएस प्रवाहाचा आकडा १०० किलोहर्ट्झच्या रांगेतून वाचावा, १ किलोहर्ट्झच्या रांगेतून वाचू नये.

कोणत्या द्रव्याचा कपॅसिटर

पॉलिप्रोपिलीन हे सरळ उत्तर आहे. त्याचे कारण एका तुलनेत स्पष्ट होते. डायइलेक्ट्रिकमधील, म्हणजे विद्युताग्रांमधल्या विद्युतरोधक थरातील, अपव्यय टॅन डेल्टा या गुणांकाने मोजतात, आणि दर आवर्तनाला साठ्यातील ऊर्जेचा या गुणांकाच्या ६.२८ पट इतका अंश उष्णतेत जातो. पॉलिएस्टरचा टॅन डेल्टा १०० किलोहर्ट्झच्या आसपास साधारण ०.०१ ते ०.०२ असतो. ०.०१५ धरला तर दर आवर्तनाला नऊ टक्क्यांहून अधिक ऊर्जा कपॅसिटरच गिळून टाकतो, आणि दहा आवर्तनांत निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेत जाते. पॉलिप्रोपिलीनचा ०.०००५ धरला तर हाच तोटा ०.३ टक्के. पॉलिएस्टरचा कपॅसिटर दिसायला अगदी तसाच असतो, स्वस्त असतो आणि ५० हर्ट्झच्या चाचणीत निर्दोष ठरतो. त्यामुळे फसगत होते. अंगावरील एमकेपी ही खूण मेटलाइज्ड पॉलिप्रोपिलीनची, एफकेपी ही पॉलिप्रोपिलीन व फॉइलची आणि एमकेटी ही मेटलाइज्ड पॉलिएस्टरची असते. एमकेटी घेऊच नये. एमकेपी घेताना वेगाचा आकडा पाहिल्याशिवाय घेऊ नये, आणि एफकेपी मिळाला तर निश्चिंतपणे पुढे जावे. मुख्य पुरवठ्यातील गोंगाट शोषण्यासाठी असलेले एक्स२ वर्गाचे कपॅसिटर बहुधा पॉलिप्रोपिलीनचेच असतात, पण त्यांची बांधणी या कामासाठी नसते.

सिरॅमिक कपॅसिटरांत दारांच्या मुठीसारखे दिसणारे उच्च व्होल्टेजचे प्रकार मोह घालतात. बेरियम टायटनेटवर आधारलेल्या प्रकारांची धारकता व्होल्टेज आणि तापमानाबरोबर बरीच बदलते, त्यामुळे जुळवलेली वारंवारता चालता चालता सरकते. शिवाय ते तापतात आणि तडकतात. अभ्रकाचे कपॅसिटर गुणाने उत्तम, पण लागेल त्या मूल्याचे गोळा करणे खर्चाचे. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा प्राथमिक मंडलात विचारच करू नये, कारण उलट दिशेचे व्होल्टेज त्याला सोसत नाही.

मायक्रोवेव्ह भट्टीतील कपॅसिटरविषयी वारंवार विचारले जाते. तो साधारण १ मायक्रोफॅरड आणि २१०० व्होल्ट एसीचा, तेलात बुडवलेला असतो आणि ५० किंवा ६० हर्ट्झच्या कामासाठी बनवलेला असतो. माळेत लावल्यास तो काही काळ चालतोही, परंतु स्पंदप्रवाहाचे त्याचे मूल्यांकन कोठेही दिलेले नसते, म्हणजे आपण अंधारात चाचपडत असतो. त्या भट्टीचा ट्रान्सफॉर्मर तर निऑन ट्रान्सफॉर्मरपेक्षा कित्येक पट अधिक प्रवाह देतो आणि तो हाताळताना अनेकांनी प्राण गमावले आहेत. त्याला घरगुती प्रयोगात स्थान देऊ नये.

घरी बनवलेला कपॅसिटर हा जुना आणि सन्माननीय मार्ग आहे. १७४५-४६ मध्ये लायडन येथील प्रयोगांतून नावारूपाला आलेली बरणी हाच कपॅसिटरचा पहिला अवतार, आणि १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे खुद्द निकोला टेस्लाने मिठाच्या पाण्याच्या बाटल्यांचे कपॅसिटर वापरले होते. एका साधारण काचेच्या बाटलीतून एक नॅनोफॅरडच्या आत-बाहेर धारकता मिळते, म्हणजे आपल्या उदाहरणासाठी दहा-पंधरा बाटल्या लागतील. काचेचा टॅन डेल्टा पॉलिप्रोपिलीनच्या कितीतरी पट असल्याने बाटल्या तापतात आणि ठिणगी तोकडी पडते. तरी तत्त्व समजून घेण्यासाठी आणि पहिली ठिणगी पाहण्यासाठी हा मार्ग वाईट नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर बोटभर तेलाचा थर ठेवल्यास काठावरील विसर्ग आटोक्यात राहतो.

पॉलिथिनचा तक्ता आणि ॲल्युमिनियमचे पत्रे यांचा कपॅसिटर अपव्ययाच्या दृष्टीने चांगला असतो. १.५ मिलिमीटर जाडीच्या पॉलिथिनवर १० नॅनोफॅरड मिळवण्यासाठी सुमारे ०.७५ चौरस मीटर विद्युताग्र लागते. अडचण येते ती कडांशी: पत्र्याच्या तीक्ष्ण कडेवर विद्युतक्षेत्र एकवटते, तेथील हवेत विसर्ग सुरू होतो आणि पॉलिथिनला छिद्र पडते. तो पूर्ण तेलात बुडवून, आतील हवा निर्वात पंपाने काढूनच वापरावा लागतो. एवढी खटपट, गळणारे तेल आणि अनिश्चित आयुष्य पाहता, आज माळेचा पर्याय उपलब्ध असताना मी कोणाला हा मार्ग सुचवणार नाही.

निचऱ्याचे रोधक

माळेतील प्रत्येक नगाला समांतर एक मोठा रोधक लावावा, म्हणजे पुरवठा बंद झाल्यावर त्यातील भार आपोआप निघून जाईल. १० मेगाओहम हे मूल्य सोयीचे आहे. ०.१५ मायक्रोफॅरडबरोबर कालस्थिरांक दीड सेकंद येतो, आणि आठ सेकंदांत प्रत्येक नगावर दहा व्होल्टपेक्षा कमी उरतात. शक्तीचा भार जेमतेम ०.१ वॅट असल्याने पाव वॅटचा रोधक पुरेल असे वाटते, पण येथे शक्तीपेक्षा व्होल्टेजची मर्यादा आधी येते. साध्या पाव वॅटच्या रोधकाची व्होल्टेज-मर्यादा २५० ते ३५० व्होल्टच्या घरात असते, आणि आपल्याला १४१४ व्होल्ट सोसायचे आहेत. म्हणून उच्च व्होल्टेजसाठीच बनवलेला रोधक घ्यावा किंवा २.२ मेगाओहमचे, ३५० व्होल्ट मर्यादेचे पाच रोधक माळेत जोडून त्याची जागा भरावी.

रोधक लावले म्हणून हात घालायला मोकळीक मिळत नाही, कारण एखाद्या रोधकाचा सांधा सुटला तर तो नग भरलेलाच राहतो. १० नॅनोफॅरडमध्ये २१.२ किलोव्होल्टला सव्वादोन जूल ऊर्जा असते; तिचा धक्का माणसाला मागे फेकण्यास पुरेसा आहे. पुरवठ्याची पिन प्रत्यक्ष काढून, लांब विद्युतरोधक दांड्याला बांधलेल्या आणि भूसंपर्कित तारेने माळेची दोन्ही टोके जोडून, ती जोडणी काम संपेपर्यंत तशीच ठेवावी. तार काढून घेतल्यावर डायइलेक्ट्रिकमध्ये मुरलेला भार काही प्रमाणात पुन्हा वर येतो, म्हणून एकदा टेकवून बाजूला घेणे पुरत नाही.

माळेची जोडणी

पाटी ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट किंवा पॉलिथिनची घ्यावी. लाकूड ओलावा धरते आणि उच्च व्होल्टेजला वाहक बनते. जागा वाचवण्यासाठी माळ नागमोडी मांडली जाते, आणि येथे एक सापळा आहे. पाच-पाचच्या तीन ओळी केल्या तर पहिल्या ओळीचे आरंभाचे टोक आणि दुसऱ्या ओळीचे शेवटचे टोक शेजारी येतात, आणि त्यांच्यामध्ये दहा नगांचे, म्हणजे १४ किलोव्होल्ट असतात. टोकदार वाहकांमध्ये हवा सेंटिमीटरला सुमारे १० किलोव्होल्टवर फुटू शकते, म्हणून ओळींमध्ये निदान ३ सेंटिमीटर अंतर ठेवावे. डाखाचे टोकदार काटे उरू देऊ नयेत. प्रत्येक सांधा गोल, गुळगुळीत असावा. नग एकमेकांना चिकटवू नयेत, कारण त्यांना वाऱ्याची गरज असते.

दोन-तीन समांतर माळा असतील तर त्या एकाच टोकाकडून जोडू नयेत. एका बाजूची तार पहिल्या माळेकडे आणि दुसऱ्या बाजूची शेवटच्या माळेकडे दिली की प्रत्येक माळेचा मार्ग सारख्या लांबीचा होतो आणि प्रवाह समान वाटला जातो. प्राथमिक मंडलातील जोडण्या रुंद तांब्याच्या पट्टीने किंवा जाड तारेने, शक्य तितक्या आखूड कराव्यात. मांडणीत स्पार्क गॅप ट्रान्सफॉर्मरच्या टोकांना समांतर ठेवावी आणि कपॅसिटर प्राथमिक कॉइलबरोबर एकसर असावा. कपॅसिटर ट्रान्सफॉर्मरला समांतर जोडला तरी कॉइल तशीच चालते, पण मग उच्च वारंवारतेची सारी आंदोलने ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यावर आदळतात.

स्विच वापरणाऱ्या कॉइलविषयी

ज्या कॉइलमध्ये ट्रान्झिस्टरांचा पूल प्राथमिक अनुनादी मंडलाला चालवतो, तेथे पुरवठ्याचे व्होल्टेज काही शे व्होल्टच असते आणि त्यामुळे कमी व्होल्टेजचा कपॅसिटर पुरेल असा समज होतो. अनुनादात व्होल्टेज आवर्तनागणिक चढते. १० मायक्रोहेन्री आणि ०.१५ मायक्रोफॅरडच्या मंडलात प्रवाह ५०० अँपिअरपर्यंत चढू दिला, तर कपॅसिटरवर सुमारे ४१०० व्होल्ट येतात. हे उत्तर प्रवाहाला इंडक्टन्स भागिले धारकता यांच्या वर्गमूळाने गुणून मिळते. येथे प्रत्येक स्पंद लांब असल्याने आरएमएस प्रवाह आणि उष्णता हेच निवडीचे मुख्य निकष ठरतात, आणि दोन-तीन समांतर माळा जवळजवळ अटळ होतात.

चालवल्यानंतरची तपासणी

पहिल्या वेळी कॉइल दहा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये. नंतर पुरवठा काढून, माळ भूसंपर्कित करून, अवरक्त तापमापकाने एकेक नग पाहावा. सगळे सारखेच कोमट असतील तर पुढच्या वेळी तीस सेकंद, मग एक मिनिट अशी वाढ करावी. एखादाच नग शेजाऱ्यांपेक्षा पाच-सात अंशांनी गरम असेल तर तो किंवा त्याचा सांधा सदोष आहे. सगळेच नग हाताला चटका बसण्याइतके तापत असतील, तर समांतर माळ वाढवण्याची किंवा चालवण्याचा वेळ कमी करण्याची गरज आहे.

जोडणीपूर्वी मोजलेली प्रत्येक नगाची धारकता पाटीवरच, नगाशेजारी लिहून ठेवावी. दर काही तासांच्या वापरानंतर रोधकांसकट माळेची एकूण धारकता मोजावी. १० मेगाओहमचे रोधक या मोजणीत फारसा अडथळा आणत नाहीत. एकूण आकडा पाच टक्क्यांनी उतरलेला दिसला तर नग सुटे करून मोजावेत. ज्याची धारकता मूळ नोंदीपेक्षा दहा टक्क्यांनी घटली आहे तो बदलावा, आणि त्याच्या माळेतील इतर नगही त्याच दिवशी मोजून घ्यावेत, कारण त्यांच्यातूनही तेवढाच प्रवाह गेलेला असतो.